पिवळ्यांच्या बाजूला

चेंडू रिंगवर आपटला, वर उडाला, पुन्हा रिंगवरच उतरला, आत जाऊ की नको अशा बेताने काठावरून थोडा फिरला आणि बाहेर पडला. बस्स, एवढंच झालं. हॉल माणसांनी खच्चून भरलेला होता आणि त्या सगळ्यांनी ते एकाच वेळी पाहिलं. पण रिंगच्या मागे, पाहुण्या संघाच्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या बाकांवर, गळ्यात पिवळा मफलर अडकवून उभ्या असलेल्या एका माणसाला आपल्याच पोटातलं काहीतरी सुटून थेट खाली गेल्यासारखं वाटलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोर तुटलेला त्याने कधी पाहिला नव्हता, पण तो तुटू नये म्हणून उभा जन्म घालवला होता. त्याचे दोन्ही हात अजून वरच होते. तोंडही उघडंच होतं. आजूबाजूचे पिवळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, बाकांवर नाचत होते, आणि शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने तर त्याला कवटाळून गदागदा हलवलं आणि कानात ओरडला, "वाचलो हो, वाचलो! त्या नऊ नंबरच्या पोरीने तारलं आपल्याला!" नऊ नंबरची पोरगी लाल जर्सीत फेकीच्या रेषेवर तशीच उभी होती, हात खाली सोडून. ती त्याची मुलगी होती.

तिने त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानेही येणार नाही म्हणून कबूल केलं होतं. ही गोष्ट जुनी. घरात तिला बारकी म्हणत. आता फळीवरचा वरचा डबा काढायला तिलाच हाक मारावी लागे इतकी ती वाढली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बारकी शाळेत खेळायची तेव्हा हा एकही मॅच चुकवत नसे. आणि एकदा ती पडली. पडतात मुली, खेळच तसला आहे. पण हा पठ्ठ्या कठडा ओलांडून, पायातल्या वहाणांसकट, चालू खेळात थेट मैदानात धावला, आणि तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागला, "लागलं का गं? लागलं का?" शिट्टी वाजली, खेळ थांबला, दोन्हीकडची माणसं पोट धरधरून हसली. तिला काहीही लागलेलं नव्हतं. पुढे वर्षभर शाळेच्या जिन्यात, डबा खाताना, वर्गात पेन्सिल पडली तरी मैत्रिणी तिला विचारायच्या, "लागलं का गं?" तिने ते निमूटपणे सोसलं, आणि वर्ष संपल्यावर एका संध्याकाळी त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तू येत जाऊ नकोस. रागावून नाही सांगत. पण तू आलास की मला तुझा चेहरा दिसतो, आणि तुझ्या चेहऱ्यावर मी आधीच पडलेली असते." तो बरं म्हणाला. तेव्हापासून तो आत गेला नाही. बाहेर सायकली लावायच्या जागी उभा राहायचा आणि आतल्या आवाजावरून अंदाज घ्यायचा, जसा तो यंत्राच्या खोलीबाहेर उभा राहून मोटर बरी चालली आहे की कण्हते आहे ते ओळखायचा. तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

पण आज उपांत्य सामना. आज त्याला राहवलं नाही. घरी काम आलंय म्हणून सांगितलं, कामाचे कपडेसुद्धा चढवले, आणि कॉलेजच्या हॉलशी आल्यावर डोकं लढवलं. लाल लोकांत बसलं तर ती आपल्या माणसांकडे बघणार, आपण दिसणार. पिवळ्यांकडे ती कशाला बघते? चोराने चौकीतच लपावं तसा तो पाहुण्यांच्या बाकांवर जाऊन बसला. शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने त्याचा मोकळा गळा पाहिला आणि म्हणाला, "मफलर विसरलात होय? हा घ्या. आमच्या हिचा आहे. हिला गुडघ्यामुळे येता आलं नाही, पण मफलर घेऊन जा म्हणाली, तेवढाच शकुन." याने तो घेतला. लोकरीचा होता, त्याला कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास होता. अर्धा खेळ होईतो त्याने पोरीला पाठीकडूनच पाहिलं, कारण लालांचा हल्ला पलीकडच्या रिंगवर होता, आणि तिची पाठ, तिच्या पाठीवरचा नऊ, जो काल रात्री बायकोने मशीनवर पुन्हा शिवून घट्ट केला होता, एवढ्यानेच तो सुखावून गेला. मग मध्यंतर झालं. मध्यंतरानंतर बाजू बदलतात. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, अगदी शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण सकाळपासून केलेल्या सगळ्या हिशेबात हे एक त्याच्या ध्यानातच आलं नाही. मुली पाणी पिऊन परतल्या आणि बारकी सरळ त्याच्या तोंडासमोर धावत आली.

त्यानंतर तो अंग चोरून बसला. म्हाताऱ्याच्या टोपीआड बसला. बारकी जवळ आली की वाकून वहाणेचा पट्टा लावायचा. आणि शेवटी, खेळ संपायला आला, लाल एका गुणाने मागे, तेव्हा पिवळ्यांच्या एका पोरीने बारकीला ढकललं आणि पंचांनी तिला दोन मोफत फेकी दिल्या; वेळ संपलीच होती, उरल्या होत्या त्या या फेकी. एक गेली तर बरोबरी, दोन्ही गेल्या तर जिंकले. आता या खेळात एक रीत आहे. समोरची पोरगी फेकीला उभी राहिली की रिंगच्या मागचे विरोधी लोक उठून उभे राहतात, हात हलवतात, मफलर फिरवतात, कोल्हेकुई करतात, का, तर काचेच्या फळीतून पलीकडे पाहणाऱ्या तिच्या डोळ्यांना स्थिर असं काही सापडू नये. सगळे पिवळे उठले. तोही उठला, कारण बसून राहिला असता तर त्याच्याकडेच बोटं गेली असती. पण हात वर जाईनात. पहिल्या फेकीला तो दोन्ही पंजे तोंडावर दाबून उभा राहिला, आणि चेंडू रिंगला लागून परतला. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: हलणाऱ्या एवढ्या माणसांत न हलणारा मी एकटाच आहे. मीच दिसत असणार. मलाच बघून हुकली ती. दुसऱ्या फेकीला पंच तिच्या हातात चेंडू देत होते आणि ती मान वर करत होती, तेवढ्यात त्याने जिवाच्या आकांताने हात वर केले, मफलर ओढून डोक्यावर फिरवला, आणि इतरांसारखाच ओरडला. काय ओरडला ते त्याला आठवत नाही. नुसता आवाज होता, पण मोठा होता.

आता हॉलमध्ये वेगळाच आवाज सुरू झाला होता. आधी गप्पच होते लाल. मग कुणीतरी खुर्ची आपटली. मग दुसरी आपटली. मग एक ढोल, जो सबंध खेळभर उत्साहात वाजत होता, तोच आता संथ लयीत वाजू लागला आणि त्यावर माणसं म्हणू लागली, "नऊ नंबर, घरी जा! नऊ नंबर, घरी जा!" घरी जा म्हणताहेत, ठीकच आहे, घरीच तर जायचंय तिला, असला काहीतरी मूर्ख विचार त्याच्या मनात आला आणि त्याचीच त्याला भीती वाटली. मुली एकमेकींना घेऊन आत गेल्या. बारकी सगळ्यांत मागे. तिच्या डोक्यावरून कागदाचा एक बोळा गेला, मग कसलातरी खोका. तिने मान खाली घातली नाही की वर केली नाही. तिला मी दिसलो का? दिसलो असेन तर पहिल्या वेळी की दुसऱ्या वेळी? की दिसलोच नाही आणि हा सगळा माझ्याच भित्र्या मनाचा खेळ? हे तीन प्रश्न त्याच्या डोक्यात फेर धरून फिरत होते आणि पिवळे त्याला ढकलत दाराकडे नेत होते. टोपीवाला म्हातारा आनंदाने बडबडत होता, "पोरगी चांगली आहे हो, गुणी आहे. पण फेकीला काळीज लागतं, काळीज. ते काही शिकवून येत नाही."

काळीज. बारकीच्या बापाचा मिस्त्री, ज्याच्या हाताखाली तो लिफ्टचं काम शिकला, तो वेगळंच म्हणायचा. "भ्यायला शीक," म्हणायचा, "न भिणाऱ्या गड्याच्या घरी मला एकदाच जावं लागतं, आणि तेही मान खाली घालून." तो भ्यायला शिकला. लिफ्टच्या विहिरीत, खालच्या खड्ड्यात उतरताना वरचा पाळणा, म्हणजे माणसं वाहणारी लिफ्टची पेटी, अडकवून ठेवलाय ना ते दोनदा बघायचं, मग तिसऱ्यांदा बघायचं, मग उतरायचं. या भीतीवर त्याने घर चालवलं, बायको केली, पोरगी वाढवली. कामावरची हत्यारं तो पिशवीत भरून तिथेच फळीवर ठेवायचा, पण भीती तेवढी रोज घरी घेऊन यायचा, आणि घरात ती कुठे ठेवायची ते त्याला कधीच कळलं नाही. बारकी अगदी लहान असताना एकदा हट्टाने त्याच्याबरोबर कामावर आली होती. एका इमारतीत वरच्या मजल्यावरचं दार उघडं होतं आणि पलीकडे काळी विहीर. त्याने तिचा फ्रॉक मागून मुठीत धरला होता. ती काही पुढे सरकली नव्हती, नुसतीच मान काढून बघत होती, आणि शांतपणे विचारत होती, "बाबा, खाली कोण राहतं?" आणि त्याने इतक्या जोरात मागे ओढलं की फ्रॉकचा पट्टा त्याच्या हातात आला आणि ती पाठीवर पडली. पडली ती त्याच्या ओढण्याने. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. पट्टा खिळ्याला अडकला म्हणाला.

बाहेर उजेड होता, ऊन कलत आलं होतं, आणि फाटकाशी लाल उभे होते. वाट अडवून नव्हे, दोन्ही बाजूंना, म्हणजे पिवळ्यांना त्यांच्यामधूनच जावं लागणार. आधी नुसत्या शिव्या होत्या. पिवळ्यांतल्या एका वात्रट पोराने हुकलेल्या दोन फेकींची दोन बोटं उंचावून दाखवली, आणि मग पहिली बाटली आली. पाण्याने भरलेली होती. ती दुसऱ्या कुणासाठी असावी, पण बसली याच्या कपाळावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. म्हाताऱ्याने दंडाला धरून ओढलं, "चला, चला, थांबू नका, मागे बघू नका!" आणि पुढच्याच रेट्यात म्हातारा एकीकडे गेला आणि हा दुसरीकडे. एका भिंतीच्या आडोशाला जाऊन त्याने मफलर काढला आणि खिशात कोंबला. कपाळावर टेंगूळ वाढत होतं. हाताला रक्त लागलं नाही. खरं म्हणजे त्याने तिथूनच घर गाठायला हवं होतं. पण बारकी अजून आत होती. हॉलच्या मागच्या अंगाला खेळाडूंचं दार आहे हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या शेजारीच तर सायकली लावत. तिला बाहेर पडताना लांबून बघू, नीट गेली की आपण जाऊ, एवढंच त्याच्या मनात होतं. ती दिसली तरी त्याला हाक मारायचीही नव्हती.

मागच्या दाराशी लालच लाल. ढोलवाला इथे येऊन पोचला होता. दाढीवाला, धिप्पाड, घसा पार बसलेला. ही काही गुंड माणसं नव्हती, हे त्याला दिसत होतं. एकाच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. एक बाई पर्समधून गोळी काढून चघळत होती आणि मध्येच थांबून ओरडत होती, "बाहेर काढा तिला!" पुन्हा चघळत होती. एकजण फोनवर कुणाला तरी दूध घेऊन येतो म्हणून सांगत होता. उद्या हीच माणसं आपल्याला लिफ्टमध्ये भेटतील, दार धरून ठेवतील, कितव्या मजल्यावर म्हणून विचारतील.

"काय काका, कुणाकडचे?" ढोलवाल्याने त्याच्याकडे वळून विचारलं.

त्याचा हात टेंगळावर गेला.

"कपाळावर टेंगूळ घेऊन आलेत म्हणजे आपले नाहीत," काडी बांधलेला चष्मेवाला म्हणाला. दोघंतिघं हसली.

"अरे, खिशातून काय लोंबतंय बघ. पिवळं!"

माणसं जवळ आली. ढोल त्याच्या छातीला टेकला. त्याच्या जिभेवर दोन उत्तरं आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं की माणसाला आपण कोण हे ठरवायला खरोखर किती थोडा वेळ मिळतो. पिवळा आहे म्हटलं तर आणखी एखादा धक्का, एखादी टपली. तिचा बाप आहे म्हटलं तर? त्याने समोरचे चेहरे पाहिले. शत्रूला माफी असते, तो शत्रूच असतो बिचारा. पण ही माणसं आता शत्रूवर चिडलेली नव्हतीच. ती आपल्याच एका पोरीवर चिडली होती, आणि तिचं जे जे काही असेल त्याच्यावर.

"पाहुणा आहे मी," तो म्हणाला. "तिकडचा."

"तिकडचे का! मग हार कुठाय काका, हार? नऊ नंबरच्या गळ्यात घालायला? जिंकवलं ना तिने तुम्हाला!"

"हो," तो म्हणाला.

"मग म्हणा की! म्हणा, नऊ नंबरचा विजय असो!"

त्याने म्हटलं.

"ऐकू येत नाही!" ढोलवाला बसक्या घशाने ओरडला आणि त्याने ढोलावर एक थाप मारली.

"नऊ नंबरचा विजय असो!" तो ओरडला. बेंबीच्या देठापासून ओरडला. बंद दारापलीकडे, कदाचित हातभर अंतरावर ती बसली असेल, बुटांच्या नाड्या सोडत असेल, हे त्याला ओरडताना माहीत होतं. माणसं खो खो हसली. ढोलवाल्याने त्याच्या पाठीवर थोपटलं, "जाऊ द्या रे, काका बरे आहेत." ती थोपटणी अगदी प्रेमाची होती. त्यांनी वाट करून दिली आणि तो निघाला, आणि मागे दारावर मुठी आपटायचा आवाज सुरू झाला तेव्हाही त्याचे पाय थांबले नाहीत. पाय त्याचे नव्हतेच जणू. कोपऱ्यावर लाँड्रीच्या दुकानाशी आल्यावर त्याला आठवलं की ती माणसं हसली तेव्हा आपणही हसलो होतो.

घरी तो पायऱ्या चढून आला. हे एक त्याचं विचित्रच, शेजारीपाजारी चेष्टा करत: गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करतो आणि स्वतः जिना चढतो. आज चढताना दोनदा कठड्याला धरून उभा राहिला. बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिने त्याचं कपाळ पाहिलं आणि पायडल थांबवलं. "हे काय हो?"

"कामावर. वरची पट्टी लागली."

"बघून काम करायला काय होतं तुम्हाला? जगाला सांगता बघून चढा." मग आवाज उतरवून म्हणाली, "कळलं का? हरल्या. समोरच्या वहिनी सांगून गेल्या. बारकीमुळे हरल्या म्हणे. कुणाकुणाच्या फोनवर काय काय लिहून येतंय. एकाने लिहिलंय, ही कॉलेजात पुन्हा पाऊल कशी टाकते ते बघू." तिने दोरा दाताने तोडला. "खेळच ना तो? मी विचारते, खेळच ना?" त्याने पाणी प्यायला ग्लास घेतला आणि तसाच धरून बसला. तिने बारकीला फोन लावला होता, लागत नव्हता. पुन्हा लावला. फोनमधली बाई तेच तेच सांगत होती, फोन बंद आहे म्हणून.

मग वाट बघणं. खोलीतलं ऊन मशीनवरून खाली उतरलं, फरशीवर आलं, गेलं. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसून इमारतीची लिफ्ट ऐकत होता. ते त्याला न ठरवता यायचं, पाळणा कुठे आहे, भरलेला आहे की रिकामा, चढणारा माणूस जड आहे की मूल आहे. वर गेली. खाली आली. तिसऱ्या मजल्यावर थांबली, ते डॉक्टरांचे पाहुणे. खाली गेली. त्याच्या मनात नको नको ते येत होतं. दार तुटलं असेल का? त्या गोळी चघळणाऱ्या बाईने तिचे केस धरले असतील का? आणि त्या सगळ्या गर्दीत आपण तिचा बाप आहोत असं म्हणणारा एकही माणूस नव्हता, कारण जो होता तो लाँड्रीच्या दुकानापर्यंत पोचला होता. परत जावं. उठावं आणि जावं. तो उठला, वहाणा घातल्या, आणि पुन्हा बसला. लिफ्ट पुन्हा निघाली. चढू लागली. एकच माणूस होतं, एका जागी उभं, अजिबात न हलणारं. मजला आला. दार सरकलं. आणि मग काहीच नाही. पावलं नाहीत. कुणीतरी लिफ्टच्या दारातच उभं होतं.

बायकोने दार उघडलं. बारकीचे केस ओले होते, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी मोठा कोट होता. "अगं, होतीस कुठे? जीव टांगणीला लागलाय इथे आमचा!"

"आमच्या कोच मॅडमनी त्यांच्या गाडीतून सोडलं. मला मागच्या सीटवर आडवं व्हायला सांगितलं, वर चादर टाकली." तिने हे आज भाजी काय आहे विचारावं तसं सांगितलं. "काचेवर थापा मारत होते. मग थांबले. आई, मला भूक नाहीये, आधीच सांगते."

"भूक नाही कशी? दूध तरी तापवते," म्हणत आई आत गेली, कारण तिला डोळे पुसायचे होते आणि ते लेकीसमोर पुसायचे नव्हते. बारकी कोट न काढता आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लागलं का?"

"काय झालं" असं नाही, "कशाने झालं" असंही नाही. "लागलं का." "कामावर एक पट्टी..." त्याने सुरुवात केली.

"बाबा."

तिने फ्रिजमधून बर्फ आणला, आईच्या शिवणातल्या एका चिंधीत गुंडाळला आणि त्याच्या टेंगळावर धरला. तिची बोटं बर्फाहून गार होती. त्याने विचारलं, "दिसलो मी?"

"हो."

"पहिल्या फेकीला. म्हणूनच हुकली ना? मी नुसताच उभा होतो, म्हणून."

"नाही. पहिली माझीच हुकली. हात घामाने ओला होता, निसटला." ती बर्फ थोडा सरकवत म्हणाली. "तू नंतर दिसलास. म्हणजे मधे. सगळे माकडांसारखे हात हलवताहेत आणि एकटाच माणूस तोंड दाबून उभा. म्हटलं, अरे, हा तर बाबा! पिवळा मफलर घालून! मला हसूच आलं बाबा. इतकं बरं वाटलं ना. म्हटलं, आला हा, ऐकलं नाहीच शेवटी. म्हटलं, आता जाणार. शंभर टक्के जाणार. मग चेंडू हातात घेतला आणि वर बघितलं." तिने चिंधीतलं पाणी पिळलं. "तर तू हात वर केले होतेस. ओरडत होतास माझ्यावर."

आत दुधाचं भांडं ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. त्याला वाटलं आपण आता खुर्चीतून खाली जाणार, थेट तळापर्यंत. "तुला दिसू नये म्हणून गं," तो कसाबसा म्हणाला. "तुला मी दिसू नये म्हणून."

"हो. आत्ता कळलं. तिथे आत बसले होते ना, दार वाजत होतं, तेव्हा कळलं. पण रेषेवर नाही कळलं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने तो आनंदाने झेलला असता. "परवा मॅच आहे. तिसऱ्या नंबरसाठी. मॅडम म्हणाल्या, तू खेळणार. मी म्हटलं, खेळते."

"नको," त्याच्या तोंडून निघून गेलं. "बारके, नको. तू बघितलं नाहीस त्या लोकांना."

"बघितलं. चादरीला भोक होतं." ती पहिल्यांदाच किंचित हसली. "तू पण ये. पण आमच्या बाजूला बस, लालांत, पुढच्या रांगेत. तोंड दाबून बस, रड, काय हवं ते कर. आणि कुणी विचारलं ना, कुणाकडचे म्हणून, तर सांग, नऊ नंबरचा बाबा आहे."

हे तिने सहज म्हटलं. तिला काही माहीत नव्हतं. माहीत असणं शक्यच नव्हतं, आणि तरी तिने तेच शब्द घेतले. त्याला ढोल दिसला. दाढी दिसली, काडीला बांधलेला दोरा दिसला, पाठीवरची ती प्रेमळ थाप पुन्हा पडली. परवा हीच माणसं. त्याच रांगेत, खांद्याला खांदा लावून. त्याने नुसती मान हलवली.

"मानेने नको. तोंडाने सांग. मला कळू दे तुला जमतंय का."

"नऊ नंबरचा बाबा आहे मी," तो पुटपुटला.

"ऐकू येत नाही," बारकी म्हणाली आणि बर्फ त्याच्या कपाळावर जरा दाबून धरला.

त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी आतून बायको दुधाचं भांडं हातात घेऊन दारात आली इतक्या मोठ्याने म्हटलं.